आधी उत्तर देणारी माणसं जमव

वाचकांची पत्रं, मावशींची उत्तरं

प्रश्न : मावशी, मी मानवतचा. वय २६, मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दिवाळीत 'आपलं मानवत' नावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला. गिऱ्हाइकांचे नंबर होतेच, एका रात्रीत ६०० जण टाकले. दुसऱ्या दिवशी १४० निघून गेले. राहिले त्यांच्यात सकाळी शुभ सकाळ, दुपारी पुढाऱ्यांचे बॅनर, रात्री भांडणं. आता कुणी काही विचारतही नाही. गावाच्या कामाला येईल असं काहीतरी करायची इच्छा आहे. मोडून नव्यानं काढू का? कसा?
— एक वाचक, मानवत

उत्तर : मोड. पण आधी कान धरून एक सांगते. गिऱ्हाइकानं तुला नंबर दिला होता तो 'फोन झाला, घेऊन जा' एवढं कळवायला. ग्रुपात टाकायला नव्हे. ते १४० जण रागावून गेले असतील तर त्यांचं काही चुकलं नाही. नव्या ग्रुपात कुणाला परस्पर टाकायचं नाही. लिंक द्यायची, ज्याला यायचं तो येतो.

आता माझं ऐक. मी परभणीत टेलिफोन ऑपरेटर होते, बोर्डावर दोऱ्या खोचून कॉल जोडायच्या काळातली. ट्रंक कॉल, म्हणजे परगावचा फोन, बुक करायचा, साधा की अर्जंट की लाइटनिंग ते सांगायचं आणि वाट बघत बसायचं, असे दिवस. रात्रपाळीला कितीतरी लोक नंबर मागायला फोन करायचेच नाहीत. "बाई, डॉक्टर गावात हायत का वो?" "बाई, गाडी लेट हाय का?" मला त्यातलं काही माहीत नसायचं. पण कुणाला माहीत असेल ते माहीत असायचं. स्टेशनातले बाबू, रात्री उशिरापर्यंत उघडं असणारं नानलपेठेतलं मेडिकल. तिकडं दोरी खोचून द्यायची, झालं. ग्रुप चालवणं म्हणजे मला आजही तेवढंच काम वाटतं.

माझा ग्रुप २०१६च्या उन्हाळ्यातला. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं ते साल. आमच्या गल्लीत नळ कधी येईल याचा नेम नव्हता, बाया रात्री दोनला उठून तोटी फिरवून बघायच्या. म्हणून विषय एकच ठेवला : कोणत्या गल्लीत पाणी आलं. माणसं ११. त्यात पाणी सोडणारे मामा, एक टँकरवाला, एक आशाताई, दोन मेडिकलवाले, बाकी शेजारणी. मामांना टायपायला यायचं नाही. ते आवाजात सांगायचे, "तीन नंबर गल्ली, सोडलं." मागं पाण्याचा आवाज. त्या एका वाक्यासाठी लोक लिंक मागत आले. तेव्हा ग्रुपात २५६च माणसं मावायची. सात महिन्यांत भरला. आज १०२४ मावतात, पण मावतात म्हणून भरायचीच असं कुठं आहे?

तुझी चूक ही की तू विचारणारी माणसं गोळा केलीस, सांगणारं कुणी नव्हतं. मानवतमध्ये आधी दहा-पंधरा सांगणारी माणसं शोध. तुमचं मानवत रोड स्टेशन गावापासून दूर. रात्रीच्या गाडीनं उतरलेल्या बाईला पहिला प्रश्न पडतो, रिक्षा मिळेल का? तर स्टेशनवरचे दोन रिक्षावाले घे. कापसाच्या हंगामात मोंढ्यात गाड्यांची रांग किती आहे ते सांगणारा एक मापारी किंवा हमाल घे. अडत्या नको, तो भाव आपल्या सोयीनं सांगेल (अडत्यांनी रागावू नये, माझे वडील अडतीवर मुनीम होते). रक्तदानाला धावणारी दोन पोरं. मेडिकलवाला. एखादी आशाताई. यांना फोन करून नाही, जाऊन भेट. चहा पी. "दिवसातून एकदा बघा, तुमच्या कामाचा प्रश्न असेल तरच बोला," एवढंच माग.

नावही बदल. 'आपलं मानवत' म्हटलं की ज्याला जे वाटेल ते तो आणून ओततो. 'मानवत : पाणी, गाडी, रक्त, दवाखाना' असं रुक्ष नाव ठेव. रुक्ष नावाच्या ग्रुपात बॅनर टाकायला माणूस जरा लाजतो.

पहिले पंधरा दिवस प्रश्न तूच विचार, पण खरे. आणि कुणी विचारलं तर तासाभरात काहीतरी उत्तर गेलंच पाहिजे. माहिती मिळाली नाही तरी लिही : "दोघांना विचारलं, त्यांना ठाऊक नाही, संध्याकाळपर्यंत बघतो." एखाद्यानं विचारलं आणि चार तास कुणी हूं की चूं केलं नाही, की तो पुन्हा विचारत नाही. त्याचं झालेलं बघणारे बाकीचेही विचारत नाहीत. तुझ्याकडं हेच झालंय.

नियमांचं सांगते. मी पहिल्यांदा १७ नियम लिहिले होते. ऑफिसात राहिलेली बाई, दुसरं काय करणार! एकानंही वाचले नाहीत. आता तीन आहेत. गावातलं विचारा, गावातलं सांगा. स्वतः पाहिलेलं नाहीतर फोन लावून विचारलेलंच सांगा. भांडण एकमेकांच्या नंबरवर करा.

चौथा एक आहे, तो लिहिलेला नाही, कारण लिहायला जीभ रेटत नाही. श्रद्धांजली. २०१९मध्ये आमच्या भागातले एक गुरुजी वारले. दुपारी बातमी आली आणि रात्रीपर्यंत 'भावपूर्ण श्रद्धांजली' अशी दोनशेच्या वर फुलं पडली. त्याच्या मधोमध एका मुलानं लिहिलं होतं : आईला बी निगेटिव्ह रक्त पाहिजे, लवकर. कुणाला दिसलंच नाही. मलाही नाही. रक्त त्याला दुसरीकडून मिळालं, पण सकाळी त्याचा फोन आला. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं. शांतपणे म्हणाला, "मावशी, तुम्ही पण बघितलं नाही?"

तेव्हापासून वारल्याची बातमी एकदाच, अंत्ययात्रेच्या वेळेसकट. बाकीच्यांनी भेटायला जायचं. गुरुजींच्या मुलाला हे लागलं. "बाबांच्या वेळेलाच नियम आठवला का?" म्हणाला. दहाव्याला त्याच्या घरी जाऊन त्या रक्ताचं सांगितलं, तेव्हा निवळला. पुढं त्या बातमीवरच हात जोडायची सोय आली, २०२२मध्ये, आणि माझं अर्धं काम हलकं झालं. वाढदिवसांनाही हाच न्याय लावावा असं लोक म्हणतात. मी वाढदिवस सरळ बंदच केलेत.

काढून टाकायची वेळ येईल. आधी त्याच्या नंबरवर सांग, चारचौघांत नाही. दोनदा सांग. तिसऱ्यांदा काढ. मी काढलेला पहिला माणूस माझा सख्खा दीर होता. निवडणुकीत रोज आठ-दहा व्हिडिओ. दिवाळीपर्यंत बोलला नाही. पण त्यानंतर कुणी मला 'तुम्ही आमच्याच माणसाला काढता' म्हणालं नाही.

फॉरवर्ड होऊन आलेल्या निरोपांबद्दल मात्र मी दया दाखवत नाही. २०१८च्या जूनमध्ये आमच्या ग्रुपातही मुलं पळवणाऱ्या टोळीचा निरोप आला. फोटो, गाडीचा रंग, 'आपल्या भागात फिरताहेत'. मी पोलिस ठाण्यात फोन लावला, तसली एकही तक्रार नव्हती. निरोप काढायला लावला, टाकणाऱ्यानं तोंड वाकडं केलं : "सावध केलं तर काय बिघडलं?" १ जुलैला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. भिक्षा मागत फिरणारी डवरी गोसावी समाजाची माणसं होती, सोलापूरकडची. मुलं पळवणारे समजून मारली. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅप कंपनीनं आपल्या देशात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. पुढं २०२०मध्ये पुष्कळदा फिरलेल्या निरोपाला, ज्यावर दोन बाण दिसतात त्याला, एकाच ठिकाणची मुभा ठेवली. दोन बाण दिसले की मी वाचत बसत नाही, काढते. खरं असलं तर आणणाऱ्यानं ठाण्यात फोन करून पुन्हा सांगावं.

आणखी एक गोष्ट, जी पुरुष अ‍ॅडमिनांच्या ध्यानातच येत नाही. ग्रुपात बाईनं एक प्रश्न विचारला की तिचा नंबर सगळ्यांना दिसतो, आणि रात्री अकराला 'हाय' येतो. ती तक्रार करत नाही, गुपचूप निघून जाते. तुझ्या ६०० मध्ये बाया किती होत्या, मोज. माझ्याकडं बायका प्रश्न मला पाठवतात, मी नाव न घालता ग्रुपात टाकते. कुणी तसला 'हाय' पाठवला तर त्याला दोनदा सांगणं नाही, त्याच दिवशी बाहेर. टेलिग्रामवर नंबर झाकता येतो आणि जुनं शोधायलाही सोपं जातं, पण आमच्या गल्लीतल्या बाया तिकडं यायला तयार नाहीत. जिथं माणसं आहेत तिथंच बसावं लागतं.

जुनं सापडण्यावरून आठवलं. ऑर्कुट नावाच्या जुन्या सोशल साइटवर माझ्या मुलानं परभणीची एक कम्युनिटी चालवली होती. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' असं तिचं ब्रीद! कुठली खानावळ चांगली, कुठला मास्तर गणित शिकवतो, असलं लई काही होतं तिच्यात. ३० सप्टेंबर २०१४ला ऑर्कुटच बंद पडलं आणि त्यानं काही उतरवून ठेवलं नव्हतं. मी शंभर पानी वही ठेवते. डाव्या पानावर प्रश्न, उजव्या पानावर उत्तर आणि तारीख. महिन्याच्या एक तारखेला त्यातलं कामाचं ग्रुपात टाकते. दवाखान्यांच्या वेळा बदलतात, म्हणून तारीख हवीच.

दुसरा अ‍ॅडमिन पहिल्याच दिवशी कर. तुझा दोस्त नको. दुसऱ्या गल्लीतला, शक्यतो दुसऱ्या पक्षाचा, दुसऱ्या धर्माचा असला तर फारच बरं. माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तीन आठवडे फोन बंद होता. आमच्या कापडदुकानदार भाईंनी ग्रुप सांभाळला, आणि परत आले तर माझ्यापेक्षा नीटनेटका होता, हे कबूल करताना मला थोडा त्रास होतो.

प्रश्न : ताई, माझा मुलगा गावातल्या ग्रुपाचा अ‍ॅडमिन आहे. दुसऱ्या कुणी वाईट टाकलं तर पोलिस ह्याला धरतील असं शेजारी म्हणतात. काढून घ्यायला लावू का?
— एक आई, सेलू

उत्तर : शेजाऱ्यांनी अर्धंच ऐकलंय. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१मध्ये सांगितलंय की दुसऱ्यानं टाकलेल्या मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणाला गुन्हेगार धरता येत नाही. दोघांचं आधी ठरलेलं होतं, संगनमत होतं असं दिसलं तर गोष्ट वेगळी. पण त्यानं स्वतः अफवा पुढं ढकलली तर अ‍ॅडमिन असो की नसो, भारतीय न्याय संहितेत त्यासाठी कलम ३५३ आहे. आता अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा निरोप सगळ्यांसाठी काढता येतो, तो त्यानं दिसताक्षणी काढावा, काढायच्या आधी फोटो घेऊन ठेवावा. गावात तणाव असेल त्या दिवसांत 'फक्त अ‍ॅडमिन बोलतील' असं करून ठेवावं. माझ्याकडं मी तसं दोनदा केलंय, लोकांनी नावं ठेवली, चार दिवसांनी विसरले. पोराला काढून घेऊ नका. रात्री दहानंतर फोन बाजूला ठेवायला मात्र लावा.

प्रश्न : आमच्या ग्रुपात दुकानदार जाहिरातीचे महिन्याला ५०० रुपये देतो म्हणतात. घ्यावेत का?
— कळमनुरी

उत्तर : घेणं पाप नाही, मी घेत नाही. पैसे घेतले की त्या दुकानाबद्दल कुणी वाईट लिहिलं तर तुमचा हात अडखळतो. आमच्याकडं रविवार जाहिरातींचा, फुकट, एका दुकानाला एकदाच. नोकरीच्या जाहिराती मात्र मी तपासल्याशिवाय सोडत नाही. एकदा सोडली होती, 'नोंदणीचे ३०० भरा' म्हणून. चार पोरांनी भरले, नोकरी नव्हतीच. १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रार नंबरवर फोन लावला, तक्रार घेतली गेली, पैसे आले नाहीत. त्या चौघांपैकी एक अजून रस्त्यात भेटला की म्हणतो, "मावशी, माझे तीनशे?" मागच्या संक्रांतीला तिळगुळाच्या पुडीत घालून देऊन टाकले.