पिस्तूल खाली घेण्याची मुभा

खांद्याच्या दुखापतीनंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर पुन्हा रेंजवर उभे राहू पाहणारे नेमबाज माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात, तेव्हा त्यांचा प्रश्न बहुधा एकाच साच्याचा असतो: ‘डॉक्टर म्हणतात खांदा बरा झाला, फिजिओ म्हणतात ताकद आली, मग नेम का लागत नाही? आता तो कधी लागणारच नाही का?’ या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. पण उत्तर शोधायचे कुठे, हे मला एका शिक्षकांच्या निमित्ताने नीट समजले. त्यांच्या संमतीने, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून, तो अनुभव येथे मांडते.

वय ४४, माध्यमिक शाळेत गणिताचे शिक्षक. शाळेत, क्लबमध्ये आणि गल्लीतही सगळे त्यांना ‘सर’च म्हणत, म्हणून मीही तेच संबोधन ठेवले. पस्तिशी ओलांडल्यावर त्यांनी हौस म्हणून १० मीटर एअर पिस्तूल हा प्रकार सुरू केला, आणि आठ वर्षांत ६०० पैकी सरासरी ५६० गुणांपर्यंत मजल मारली. पावसाळ्यात एका वळणावर दुचाकी घसरली, ते उजव्या खांद्यावर पडले आणि रोटेटर कफमधला वरचा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा भाग, फाटला. रोटेटर कफ म्हणजे दंडाचे हाड खांद्याच्या खोबणीत धरून ठेवणाऱ्या चार स्नायूंचा आणि त्यांच्या कंडरांचा गट; त्यातला वरचा कंडरा हात बाजूने वर उचलण्याच्या कामी येतो, म्हणजे पिस्तूलवाल्याला ज्याची सर्वात जास्त गरज असते नेमका तोच. दूरबिणीद्वारे शस्त्रक्रिया झाली, सहा आठवडे हात स्लिंगमध्ये राहिला, त्यानंतर अनेक महिने फिजिओथेरपी झाली आणि सातव्या महिन्यात शल्यचिकित्सकांनी पिस्तूल हातात घ्यायला परवानगी दिली. पहिल्या दोन महिन्यांच्या सरावानंतर सरांचे गुण ५३० च्या आसपास अडकले, हात थरथरू लागला, आणि ‘मी हे सोडून द्यावे का’ असे विचारायला ते पत्नीसह माझ्याकडे आले.

पहिल्या दोन भेटींत मी जे केले ते चूक नव्हते, पण निरुपयोगी होते. पुन्हा दुखापत होण्याची भीती हे उघड कारण समोर दिसत असल्याने मी श्वसनाचे व्यायाम दिले, डोळे मिटून संपूर्ण शॉटची उजळणी करायला सांगितले आणि दुखण्याच्या भीतीची नोंदवही ठेवायला लावली. सरांनी सगळे प्रामाणिकपणे केले, गुण मात्र जागचे हलले नाहीत. वहीत तर त्यांनी रोज एकच वाक्य लिहिले होते, ‘आज दुखले नाही.’ दुखत नाही, दुखेल असेही फारसे वाटत नाही, आणि तरी नेम लागत नाही, म्हणजे मी चुकीच्या दारावर थाप मारत होते.

तिसऱ्या भेटीत त्यांच्या पत्नी सहज बोलून गेल्या, ‘मॅडम, ह्यांना विचारा, दुधाची पिशवीसुद्धा डाव्या हाताने घेतात. आणि शाळेतली मुलं सांगतात, सर आता फळ्याच्या खालच्या अर्ध्यातच लिहितात.’ सर थोडे ओशाळले आणि म्हणाले, ‘अहो, उगाच कशाला खांदा वापरायचा? तो रेंजसाठी राखून ठेवतो.’ ‘राखून ठेवतो’ या शब्दांवर मी अडखळले आणि त्यांच्याकडे गुणांची वही मागितली.

सर्वसाधारणपणे गुण घसरले की खेळाडू एकूण आकडा पाहतो आणि खचतो. हा आकडा फार क्रूर असतो, कारण या खेळात चुकीला जागाच इंचाची नसते. एअर पिस्तूलच्या फलकावर दहा गुणांचे वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचे, आणि पुढचे प्रत्येक वर्तुळ त्याच्या बाहेर आठ मिलिमीटर. सरांचे ताजे गुण ५३१ होते, म्हणजे २९ गुण गेले होते, म्हणजे दर शॉटमागे सरासरी अर्धा गुण, म्हणजे दहा मीटर अंतरावर ढोबळमानाने चार मिलिमीटर. पण मला एकूण आकड्यापेक्षा त्याचा आकार पाहायचा होता. दहा-दहा शॉटच्या सहा सिरीज अशा होत्या: ८४, ८८, ९१, ९२, ९०, ८६. पूर्वीच्या सरासरीने प्रत्येक सिरीज ९३ च्या आगेमागे असायला हवी. स्नायू थकून गुण जात असते तर घसरण शेवटी दिसली असती, आणि शेवटच्या सिरीजमध्ये ती होतीही. पण गेलेल्या गुणांपैकी निम्मे तर पहिल्या वीस शॉटमध्येच गेले होते, म्हणजे खांदा सर्वात ताजातवाना असताना. आधीच्या महिन्यातल्या चार स्पर्धात्मक सरावांची पानेही कमीअधिक अशीच होती.

मग मी त्यांच्या प्रशिक्षकांच्या परवानगीने रेंजवर जाऊन मागे खुर्ची टाकून बसले. या प्रकारात मोजले जाणारे ६० शॉट ७५ मिनिटांत मारायचे असतात आणि त्याआधी तयारी व साइटिंगसाठी, म्हणजे न मोजल्या जाणाऱ्या शॉटसाठी, १५ मिनिटे मिळतात. पूर्वी या वेळात सर पंधरा-वीस शॉट मारत. त्या दिवशी त्यांनी पाच मारले आणि उरलेला वेळ हात मांडीवर ठेवून बसून काढला. मोजणी सुरू झाली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली, जी ‘हात थरथरतो’ या तक्रारीत कुठेच नव्हती: सरांनी साठ वेळा पिस्तूल उचलले आणि साठही वेळा झाडले. एकदाही खाली घेतले नाही.

नेमबाज नसलेल्या वाचकांसाठी हे थोडे उलगडून सांगायला हवे. पिस्तूल उचलल्यावर काही सेकंदांत साइट, म्हणजे नेम धरण्याची खूण, स्थिरावली नाही, किंवा ट्रिगरवरचे बोट दाबत जाण्याऐवजी नुसते थबकून राहिले, तर तो शॉट सोडून हात खाली घ्यायचा, श्वास घ्यायचा आणि पुन्हा उचलायचे, ही या खेळातली सर्वात मूलभूत शिस्त आहे. हात हवेत जितका जास्त वेळ राहतो तितकी थरथर वाढते, आणि थरथरत असताना ‘आता दहावर आहे, मार’ असे म्हणून बोट खेचले तर सात किंवा आठ लागतो. सर हे मला पंधरा मिनिटे समजावून सांगू शकले असते. ते क्लबमधल्या नवोदितांना हेच शिकवत. मग स्वतः का करत नव्हते? कारण त्यांच्या मनाने प्रत्येक उचलीला किंमत लावली होती. ‘साठ वेळा तर उचलायचेच आहे, त्यात साइटिंगचे वीस, खाली घेतलेले पंधरा, म्हणजे जवळजवळ शंभर. एवढे खांद्याला झेपेल?’ हा हिशेब त्यांनी मला जसाच्या तसा सांगितला, आणि सांगता सांगताच थांबले. गणिताचे शिक्षक ते, आपल्या समीकरणात काय चुकले आहे हे त्यांना बहुधा माझ्याआधी दिसले असावे.

त्यांच्यात भीती नव्हती, काटकसर होती. फळ्याचा वरचा अर्धा भाग, दुधाची पिशवी, साइटिंगचे शॉट, खाली घ्यायचे पिस्तूल, सगळीकडे एकच काटकसर. स्लिंगच्या सहा आठवड्यांत ती आवश्यकच होती. शिवलेला कंडरा हाडाला धरेपर्यंत खांदा जपायलाच हवा आणि तो जपला नाही तर टाके निसटू शकतात. अडचण एवढीच की काटकसर सुरू करायला डॉक्टर सांगतात, ती थांबवायची तारीख मात्र कोणी सांगत नाही. ‘आता खेळू शकता’ हे वाक्य ऐकणाऱ्याला ‘जपून खेळा’ असेच ऐकू येते.

मी समुपदेशक आहे. खांदा किती उचली सोसेल हे ठरवण्याचा अधिकार मला नाही. म्हणून सरांच्या फिजिओंना विनंती केली की त्यांनी हा आकडा मोजून द्यावा. त्यांनी दोन वेगवेगळ्या दिवशी, पिस्तूल न झाडता, नुसती उचलून काही सेकंद धरण्याची चाचणी घेतली. सर त्यांच्या नेहमीच्या घाईच्या लयीत उचलत होते तेव्हा पंचावन्न उचलींनंतर हाताची हालचाल वाढू लागली. दोन उचलींमध्ये जवळजवळ मिनिटभर विश्रांती दिल्यावर ती पंचाहत्तरीपर्यंत आटोक्यात राहिली. नव्वद उचली होऊनही दुखले नाही, रात्री नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही. म्हणजे सरांची चिंता पूर्णपणे निराधार नव्हती, दम खरोखरच कमी होता. पण तो उचलींच्या संख्येपेक्षा विश्रांतीवर जास्त अवलंबून होता. आणि विश्रांतीची तर त्यांच्याकडे चंगळ होती, कारण मी पाहिले त्या दिवशी त्यांनी साठ शॉट ४६ मिनिटांत संपवले होते. ‘म्हणजे २९ गुण गेले आणि २९ मिनिटे उरली,’ सर म्हणाले. योगायोगच तो, पण त्यानंतर त्यांना वेगळे काही पटवून द्यावे लागले नाही.

मग प्रशिक्षक, फिजिओ आणि मी मिळून काम वाटून घेतले. शेवटची सिरीज फिजिओंची: पाठीच्या फऱ्याभोवतीच्या आणि खांद्याच्या स्नायूंचा दम हळूहळू वाढवणे. पहिल्या दोन सिरीज माझ्या. मी सरांना सहा आठवडे गुण लिहायला मनाई केली आणि त्याऐवजी एकच आकडा लिहायला सांगितला, पिस्तूल किती वेळा खाली घेतले. सरावात दर दहा उचलींपैकी तीन वेळा पिस्तूल खाली घ्यायचेच, साइट अगदी दहावर स्थिर असली तरीही. यावर त्यांचा पहिल्या आठवड्यात चांगलाच जीव कासावीस झाला. चांगला शॉट वाया घालवणे त्यांना पैसे गटारात टाकण्यासारखे वाटे. पण काटकसरीची सवय नुसत्या सांगण्याने मोडत नाही, ती उधळपट्टीनेच मोडावी लागते. साइटिंगमध्ये किमान बारा शॉट. आणि घरचा अभ्यास म्हणून, फिजिओंच्या संमतीने, फळ्याच्या वरच्या अर्ध्या भागात रोज तारीख आणि पाठाचे नाव लिहायचे.

मधल्या काळात एक प्रसंग घडला, जो मी मुद्दाम सांगते. थरथर कमी व्हावी म्हणून एका हितचिंतकाने सरांना प्रोप्रॅनोलॉलची अर्धी गोळी सुचवली. मंचावर घाबरणारे काही गायक-वक्ते ती घेतात हे त्यांनी ऐकले होते. ही गोळी बीटा-ब्लॉकर, म्हणजे हृदयाची धडधड आणि थरथर कमी करणाऱ्या औषधांच्या वर्गातली आहे, आणि नेमबाजीत हा वर्ग केवळ स्पर्धेच्या दिवशी नव्हे, तर एरवीही निषिद्ध आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाचे किम जोंग-सू यांची नेमबाजीतील दोन्ही पदके याच औषधामुळे काढून घेतली गेली. चाळिशीपुढच्या नेमबाजांनी तर आपली रक्तदाबाची नेहमीची गोळी कोणत्या वर्गातली आहे हेही तपासून घ्यावे; ती त्या वर्गातली निघाली तर मनाने बंद करू नये, कारण ती अचानक थांबवणे हृदयाला धोक्याचे असते; आपण स्पर्धात्मक नेमबाजी करतो हे डॉक्टरांना सांगून पर्याय विचारावा. खांद्यात घेतल्या जाणाऱ्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनवरही २०२२ पासून स्पर्धाकाळात बंदी आहे. सरांनी गोळी घेतली नाही. मला आधी विचारले, याचे मला फार समाधान वाटले.

आणखी एका गोष्टीने त्यांना त्रास दिला होता, ती म्हणजे प्रेरणादायी कथा. शस्त्रक्रियेनंतर निदान दहा जणांनी त्यांना हंगेरीच्या कारोली ताकाच यांची गोष्ट पाठवली होती: १९३८ मध्ये हातबाँबच्या स्फोटात उजवा हात निकामी झाला, डाव्या हाताने सराव केला आणि १९४८ व १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये रॅपिड फायर पिस्तूलचे सुवर्णपदक जिंकले. गोष्ट खरी आहे आणि थोर आहे. पण १९३८ आणि १९४८ यांच्यामध्ये दहा वर्षे होती हे सांगताना कोणी थांबत नाही, आणि दोन महिन्यांत ५६० ला न पोहोचलेला माणूस ती वाचून स्वतःला नादान समजू लागतो. माझ्या मते दुखापतीतून परतणाऱ्याला अशा गोष्टी निदान पहिले वर्षभर पाठवू नयेत.

हा अनुभव पिस्तूलचा असल्याने रायफल आणि शॉटगनवाल्यांनी तो जसाच्या तसा उचलू नये. एअर रायफलचा धक्का नगण्य असला तरी तिचे वजन साडेपाच किलोपर्यंत असू शकते आणि ते तासाहून अधिक काळ पेलायचे असते. ट्रॅप व स्कीट या शॉटगनच्या प्रकारांत तर १२ बोअरच्या बंदुकीचा दस्ता प्रत्येक शॉटला खांद्यात आदळतो, त्यामुळे त्यासाठी शल्यचिकित्सकांची वेगळी आणि स्पष्ट परवानगी घ्यायला हवी. रात्री झोपमोड करणारे दुखणे, हात उचलताना अचानक जाणवणारा अशक्तपणा किंवा खांदा निसटल्याची भावना यांपैकी काहीही असेल तर समुपदेशकाकडे न येता आधी शल्यचिकित्सकांकडेच जावे.

चार महिन्यांनी सरांनी क्लबची अंतर्गत स्पर्धा खेळली. संध्याकाळी फोन आला. ‘मॅडम, साइटिंगला चौदा मारले. अकरा वेळा खाली घेतले. एकाहत्तर मिनिटे लागली.’ गुण मलाच विचारावे लागले. ५४९: ९०, ९२, ९३, ९३, ९२, ८९. पहिल्या दोन सिरीजमधली गळती बरीचशी थांबली होती. शेवटची सिरीज मात्र अजून खालीच होती, आणि त्यासाठी फिजिओंची सोमवारची वेळ घेतल्याचे सांगून सरांनी फोन ठेवला.