बॅटवरचा शिक्का वर का धरायचा?

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या बेसबॉल संघाकडे ‘लुईव्हिल स्लगर’च्या दोन लाकडी बॅट आहेत. त्यातली एक चिरली. ही कंपनी किती जुनी? आणि शिक्का वर धरूनच खेळा, असं सर का सांगतात?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लुईव्हिल शहरात हिलरिच कुटुंबाचा कातकामाचा कारखाना होता. जिन्याचे कठडे, लोणी काढायची घुसळणी अशी कामं तिथे चालत. मालकाचा मुलगा बड याने १८८४ मध्ये पीट ब्राउनिंग या खेळाडूला बॅट कातून दिली, असं कंपनी सांगते. वडिलांचा जीव मात्र घुसळणीतच होता. १८९४ मध्ये ‘लुईव्हिल स्लगर’ हे नाव नोंदवलं गेलं. १९०५ मध्ये होनस वॅग्नर या बेसबॉलपटूने बॅटवर आपली सही वापरू देण्याचा करार केला. फ्रँक ब्रॅड्सबी १९११ मध्ये विक्री सांभाळायला आले आणि १९१६ पासून कंपनी ‘हिलरिच अँड ब्रॅड्सबी’ झाली. २०१५ मध्ये हा ब्रँड विल्सन या क्रीडासाहित्याच्या कंपनीने घेतला.

आता शिक्का. तुमचे सर बरोबर सांगतात. अ‍ॅशच्या लाकडात वाढीच्या रेघा ठळक असतात. त्या जिथे रुंद, पसरट दिसतात तिथेच शिक्का मारतात. शिक्का वर किंवा खाली धरला की चेंडू पाव वळणावरच्या, दाट सरळ रेघांच्या बाजूला लागतो. शिक्क्याच्या बाजूनेच मारत राहिलं तर थर सुटून पापुद्रे निघतात. मेपलचं उलटं आहे, त्याची पसरट बाजू जास्त टिकते. म्हणून मेपलवर शिक्काच पाव वळण फिरवून मारू लागले. धरायची रीत दोन्हीकडे तीच राहिली.

मेपलच्या मुठीवर पसरट बाजूला शाईचा थेंब टाकून पाहतात. शाई लाकडाच्या तंतूंच्या दिशेने पसरते. ती बॅटच्या लांबीशी ३ अंशांपेक्षा जास्त तिरकी गेली, तर ती बॅट मुठीजवळ तुटण्याचा धोका जास्त.

एप्रिल-मेमध्ये बॅट पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नका. लाकूड फार वाळलं की ठिसूळ होतं. क्रिकेटच्या बॅटसारखं जवसाचं तेलही लावू नका. हिच्यावर लॅकर (चकचकीत लेप) असतं, तेल आत मुरत नाही. आणि चिरलेली बॅट फेव्हिकॉल किंवा टेप लावून सरावालाही काढू नका. तुटलेला टोकदार तुकडा थेट पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या अंगावर जाऊ शकतो.