घोडीही नवीन, मीही नवीन: एन्ड्युरन्समध्ये (घोड्यावरच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत) थेट 80 किलोमीटरला उतरावं का?

नको. 40 सुद्धा या हंगामात नको. तुम्ही लिहिलंय की घोडी मारवाडी आहे, पाच वर्षांची, म्हापशाजवळ ठेवलीय, रोज तासभर पळूनही दमत नाही, मग 20 किलोमीटरमध्ये वेळ कशाला घालवायचा. ती दमत नाही, हीच खरी अडचण आहे.

घोड्याचा दम काही आठवड्यांत वाढतो. स्नायूही फार मागे राहत नाहीत. कंडरा आणि सांध्यांचे बंध मात्र कित्येक महिने घेतात, आणि हाडं त्या कामाला पुरती तयार व्हायला वर्ष-दोन वर्षं जातात. पाठीच्या मणक्यांची वाढ तर साधारण साडेपाच वर्षांपर्यंत चालूच असते. त्यामुळे मधला काळ फसवा असतो. घोडी हौसेने पळते, तुम्ही खूश असता, आणि इजा गुपचूप पायात साठत राहते. लंगडं जनावर दिसतं तेव्हा सुरुवात होऊन बरेच दिवस झालेले असतात.

कमी अंतराला लोक पोरांचा खेळ समजतात, ते मला पटत नाही. अमेरिकेतल्या या खेळाच्या राष्ट्रीय संस्थेने 25 ते 35 मैलांचा, म्हणजे साधारण 40 ते 56 किलोमीटरचा, वेगळा गटच ठेवलाय. त्यात घोडा चार वर्षांचा चालतो. 50 मैलांना, म्हणजे 80 किलोमीटरला, पाच पूर्ण लागतात. वयाने तुमची घोडी बसते, पण ते किमान वय झालं, तयारीचा दाखला नाही. त्या छोट्या गटाचा एक नियम मला फार आवडतो. रेषा ओलांडली तरी घड्याळ थांबत नाही. हृदयाचे ठोके मिनिटाला 60 वर आले की तुमची वेळ धरतात, आणि त्यासाठी अर्धा तास मिळतो. भरधाव आलेला तापलेला घोडा तिथे उभा राहतो आणि मागून शांतपणे दुडकत आलेला त्याच्या पुढे लागतो.

हेच घरी करा. साधा स्टेथोस्कोप घ्या, डाव्या कोपरामागे लावा, 15 सेकंद मोजून चारने गुणा. विश्रांतीत 28 ते 44 च्या आसपास ठोके हवेत. फेरी संपल्यावर दहा-पंधरा मिनिटांत 60 च्या खाली आले तर त्या दिवसाचं काम बरोबर होतं. अर्ध्या तासानेही वरच असतील तर पुढचा आठवडा हलका ठेवा. अंतर वाढवलं त्या आठवड्यात वेग वाढवायचा नाही.

आता गोव्याची हवा. मारवाडी वाळवंटातली, तिला उन्हाचं काय, असं कोणीतरी सांगेलच. कोरडं ऊन वेगळं आणि आपला दमटपणा वेगळा; घाम सुकलाच नाही तर अंग थंड कसं होणार? घोडेवाल्यांचा एक ढोबळ हिशेब आहे: फॅरनहाइटमधलं तापमान अधिक आर्द्रतेचे टक्के. 130 पर्यंत ठीक, 150 च्या वर सांभाळून, 180 ला खोगीर चढवूच नका. मे महिन्यात 32 अंश सेल्सियस म्हणजे 90, त्यात आर्द्रता 75 धरली तर 165 झाले. डिसेंबरच्या पहाटे 21 अंश असेल तर 70 अधिक 75, म्हणजे 145. म्हणून आपला हंगाम खरं तर डिसेंबर ते फेब्रुवारी, तोही सकाळचाच. अशा हवेत काही घोड्यांचा घामच बंद पडतो. श्वास जोरात चाललाय आणि अंग कोरडं आहे असं दिसलं तर तिथेच उतरा, पाणी ओता, डॉक्टरांना फोन लावा.

तापलेल्या घोड्याला पाणी पाजू नये, अंगावर गार पाणी ओतू नये, असं जुने मोतद्दार सांगतात. ऐकू नका. वाटेत दिसेल तिथे पिऊ द्या आणि मुक्कामाला पोचल्यावर भरपूर ओता. घामाबरोबर मीठ खूप जातं, तेही भरून द्यायला हवं. किती ते डॉक्टरांना विचारा.

जमिनीचंही तसंच. डिचोली-सत्तरीकडचे चिऱ्याचे सडे दिसायला मोकळे, पण खुराला कठीण, आणि सुटा खडा तळव्यात लागला की घोडी आठवडाभर घरी. डांबरावर फक्त चाल. ओहोटीला घट्ट झालेली ओली वाळू छान, वरची भुसभुशीत वाळू कंडरा ओढते. मोरजी, मांद्रेची किनारपट्टी मात्र कासवांच्या अंड्यांच्या दिवसांत सोडून द्या.

राहिलात तुम्ही. नवा स्वार दुडकीत नेहमी घोडीच्या एकाच बाजूच्या पुढच्या पायाबरोबर उठतो-बसतो, आणि तासाभरात घोडीची पाठ वाकडी दमते. दर थोड्या वेळाने बाजू बदला. उतारावर खाली उतरून तिच्याबरोबर चाला. 20 किलोमीटरनंतर तुमची कंबर गेली तर उरलेल्या वाटेवर तुम्ही तिच्यासाठी नुसतं ओझं.

दोघांनीही एकदम नवीन असणं मला सगळ्यात कमी पसंत आहे. जमलं तर पहिली 20 ची फेरी कुणाच्या तरी मुरलेल्या घोड्यावर करा, आणि तुमच्या घोडीला एखाद्या मुरलेल्या स्वाराबरोबर एकदा बाहेर पाठवा. गर्दी, अनोळखी घोडे, तपासणाऱ्या डॉक्टरचा हात, पुढे गेलेल्यांच्या मागे न धावणं, हे सगळं ती तिथे शिकेल. या हिवाळ्यात 20, तेही दोन-तीनदाच, मध्ये चांगली विश्रांती देऊन. पाय साफ राहिले तर पुढच्या हिवाळ्यात 40. 80 चं तेव्हा परत विचारा.