कथा तुमची, संग्रह त्यांचा, मग हक्क कोणाचा?

प्रश्न : मी कोल्हापूर जिल्ह्यातली निवृत्त शिक्षिका. २००९ साली एका दिवाळी अंकात माझी कथा आली. २०१४ साली ती एका प्रातिनिधिक कथासंग्रहासाठी संपादकांनी मागितली. ‘संग्रहात घ्यायला हरकत नाही’ एवढंच पत्र मी दिलं. हजार रुपये मानधन आणि दोन प्रती मिळाल्या. गेल्या वर्षी त्या संग्रहाचं ऑडिओबुक निघालं, हिंदी अनुवादही आला. मला कोणी विचारलं नाही. प्रकाशक म्हणतात, सर्व हक्क आमचे. शिवाय २०१५ मध्ये मी केलेला एका कन्नड कादंबरीचा अनुवाद त्यांच्याकडे पडून आहे. प्रती संपल्या, तरी ते छापत नाहीत. तो दुसरीकडे देता येईल का? तिसरी गोष्ट मनाला जास्त लागली आहे. सहकार चळवळीतल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या आत्मकथनाचं शब्दांकन मी केलं होतं. ते वारल्यावर मुलांनी नवी आवृत्ती काढली आणि तिच्यातून माझं नाव काढून टाकलं.

उत्तर : ताई, संग्रहाच्या मुद्रणपानाचा फोटो सोबत पाठवलात हे बरं केलंत. ‘सर्व हक्क प्रकाशकाधीन’ ही ओळ आणि तिच्या शेजारचं गोलातलं ‘सी’ पाहून निम्मे लेखक तिथेच गप्प बसतात. ती ओळ छापायला ना कोणाची परवानगी लागते, ना कुठला दाखला. तिने हक्क निर्माणही होत नाही आणि तुमच्याकडून तिकडे जातही नाही.

कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे कथेची पहिली मालक लेखिका. दिवाळी अंकात तुम्ही नोकरीला नव्हता, त्यामुळे अंकाच्या मालकाला काही सांगता येणार नाही. संग्रहाला वेगळा कॉपीराइट असतो हे खरं. पण तो निवड, मांडणी आणि प्रस्तावना यांच्यापुरता. कोणत्या वीस कथा घ्यायच्या आणि कोणत्या क्रमाने, ही संपादकांची मेहनत झाली. त्यातली तुमची कथा तुमचीच राहते. हक्क दुसऱ्याच्या नावावर करायचा तर कलम १९ प्रमाणे तुमच्या सहीचं लेखी हस्तांतरण लागतं. त्यात कोणती कृती, कोणते हक्क, किती मुदत, कुठला प्रदेश, मोबदला किती हे सगळं यावं लागतं. तुमच्या पत्रात यातलं काय आहे? एक ‘हरकत नाही’. तो झाला त्या एका मराठी पुस्तकापुरता परवाना. हजार रुपये घेतले म्हणजे कथा विकली, हा समज आपल्याकडे प्रकाशकांइतकाच लेखकांनीही पोसला आहे.

अनुवाद करण्याचा किंवा करू देण्याचा हक्क कलम १४ मध्ये वेगळा सांगितला आहे. मराठी छपाईच्या परवानगीत हिंदी येत नाही, ध्वनिमुद्रणही येत नाही. आता प्रकाशक २०१४ नंतरचा एखादा ‘सर्व हक्क’ लिहिलेला, तुमच्या सहीचा कागद काढतील का, हे आधी आठवून पाहा. मानधनाच्या पावतीमागे बारीक टायपात मजकूर असतो आणि सही करताना तो कोणी वाचत नाही. तसा कागद निघाला, तर २०१२ च्या दुरुस्तीचा आधार घेता येईल. हस्तांतराच्या वेळी अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नसलेलं माध्यम, स्पष्ट उल्लेखाशिवाय, त्या हस्तांतरात येत नाही. पण त्यावर फार भिस्त ठेवू नका. बोलती पुस्तकं कॅसेट आणि सीडीच्या काळापासून विकली जात आहेत, असं समोरचा वकील म्हणेलच.

नोटीस मराठी प्रकाशकाबरोबरच ऑडिओ कंपनी आणि हिंदी प्रकाशकालाही पाठवा. त्यांनी कदाचित विश्वासाने हक्क विकत घेतले असतील. कृतीवर कॉपीराइट आहे हे माहीत नव्हतं, तसं वाटायलाही कारण नव्हतं, हे प्रतिवादीने सिद्ध केलं तर कलम ५५ प्रमाणे त्याच्याविरुद्ध मनाई हुकूम आणि सगळा किंवा काही नफा एवढंच मिळतं, भरपाई नाही. नोटीस हातात पडल्यावर मात्र ‘माहीत नव्हतं’ म्हणायची सोय राहत नाही. नोटिशीत विक्रीचा हिशेब, रॉयल्टी आणि पुढची विक्री थांबवणं, हे तिन्ही मागा. कॉपीराइटची नोंदणी झालेली नाही म्हणून अडत नाही, ती ऐच्छिक आहे.

अनुवादाचं थोडक्यात. करारनाम्याची प्रत काढा आणि त्यात मुदत शोधा. ‘कायमस्वरूपी’ किंवा ‘कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी’ असं लिहिलं असेल तर वाट अवघड आहे. मुदतच लिहिलेली नसेल, तर कायदा ती पाच वर्षं धरतो. म्हणजे २०२० मध्येच अनुवादाचे हक्क तुमच्याकडे परत आले. पण तुमचा अनुवाद मूळ कादंबरीच्या खांद्यावर उभा आहे. मराठी अनुवादाची परवानगी मूळ लेखकाने त्या वेळी कोणाला दिली होती, तुम्हाला की प्रकाशकाला? प्रकाशकाला दिली असेल, तर नव्या प्रकाशकाशी बोलण्याआधी मूळ लेखकाकडून किंवा वारसांकडून नव्याने लेखी परवानगी घ्या. जुनी परवानगी अजून चालू असली, तर तिचाही निकाल आधी लावावा लागेल.

आता शब्दांकन. तुमच्या पत्रातल्या तिन्हींत कायद्याच्या दृष्टीने रंगतदार हेच आहे, आणि अनिश्चितही हेच.

मुलांचा युक्तिवाद उघड आहे : आयुष्य बाबांचं, बोलले बाबा, तुम्ही फक्त उतरवून घेतलंत. तुम्ही शब्दाला शब्द लिहून घेतला असेल, तर ते बरोबर आहेत. लेखनिक लेखक होत नाही. पण तुम्ही लिहिता की चौदा कॅसेटांमधलं विस्कळीत बोलणं तुम्ही काळानुसार लावलं, प्रकरणं पाडली, प्रसंग जोडले आणि प्रत्येक प्रकरण त्यांना वाचून दाखवून दुरुस्त केलं. मग चित्र बदलतं. दोघांच्या सहकार्यातून झालेल्या आणि ज्यातला एकाचा वाटा दुसऱ्यापासून वेगळा काढता येत नाही अशा कृतीला कायदा ‘संयुक्त लेखन’ म्हणतो.

याला मोठा दाखला आहे. मौलाना आझादांचं ‘इंडिया विन्स फ्रीडम’ असंच झालं. मौलाना उर्दूत सांगत, हुमायून कबीर इंग्रजीत लिहीत, मग मौलाना ते वाचून फेरफार सुचवत. त्यातली सुमारे तीस पानं तीस वर्षं मोहोरबंद ठेवली होती. ती मुदत संपत आली तेव्हा मौलानांच्या वारस म्हणून नजमा हेपतुल्ला प्रकाशकाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. न्यायालयाने प्रथमदर्शनी आझाद आणि कबीर या दोघांनाही संयुक्त लेखक मानलं. तुमचं प्रकरण या साच्यात बसायला जागा आहे. शब्दांकनाचे पैसे घेतले होते, म्हणून घाबरू नका. तुम्ही त्यांच्या पगारी नोकर नव्हता.

तसं ठरलं तर मुलांना एकट्याने आवृत्ती काढता येणार नाही. एका सहमालकाला दुसऱ्याच्या संमतीशिवाय परवाना देता येत नाही, अशी भूमिका मुंबई उच्च न्यायालयाने घेतलेली आहे. शिवाय कलम ५७ आहेच. कृतीचं लेखकपण सांगण्याचा हक्क कॉपीराइट विकल्यावरसुद्धा लेखकाकडेच राहतो.

सगळं पुराव्यावर ठरेल, तेव्हा कॅसेटा आजच कपाटातून काढा. हस्तलिखितं, त्यांच्या हातच्या दुरुस्त्या असलेली टंकलिखितं, पहिल्या आवृत्तीची प्रत, पत्रव्यवहार, काही टाकू नका. कॅसेटांची डिजिटल प्रत करून घ्या, पण मूळ जपा. डिजिटल प्रत पुराव्यात देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागेल.

पोलीस ठाण्यात जाऊ नका, असा माझा सल्ला. कायद्यात शिक्षेची तरतूद आहे, पण अशा वादात फौजदाराला कथासंग्रह समजावण्यात वर्ष जातं. दिवाणी दावा तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच लावता येतो. मुंबई-पुण्याला खेटे घालायला नकोत. तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल आणि दाव्याची किंमत तीन लाख किंवा त्यावर असेल, तर व्यापारी न्यायालयाआधी मध्यस्थी बंधनकारक आहे. त्यासाठी अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. मुलांशी असलेला वाद तिथेच मिटावा असं मला वाटतं. त्यांना बहुधा तुमचं नाव खुपत नाही, कोणीतरी ‘नाव काढलं तर हक्क सगळे तुमचे’ असं कानात सांगितलं असणार.

मुदत तीन वर्षांची आहे. ऑडिओबुक गेल्या वर्षी आलं, तिथे वेळ आहे. पण आत्मकथनाच्या नव्या आवृत्तीची तारीख तुम्ही पत्रात लिहिलेली नाही. ती आधी पाहा, कारण नोटीस पाठवल्याने मुदत थांबत नाही.