ताप कोणत्या दिवशी आला, ते आधी लिहा

चिकुनगुन्याची साथ सुरू झाली की जळगाव-धुळ्याकडून हेच प्रश्न येतात. म्हणून इथे एकदाच उत्तरं देतो.

मुलाला चिकुनगुन्या झालाय. लॅबवाले म्हणतात, विषाणूचं जीनोम सिक्वेन्सिंग केलं की नेमकं औषध देता येईल. करू का? (शिरपूर)

नको. विषाणू मारणारं औषधच नाही, मग नेमकं काय देणार? सिक्वेन्सिंग म्हणजे विषाणूच्या जनुकीय मजकुराची अक्षरं क्रमाने वाचणं. ते साथ समजून घेण्यासाठी असतं, एका रुग्णाच्या उपचारासाठी नाही. हे पॅकेज म्हणून विकणं मला चीड आणतं. मुलाला डॉक्टरांना दाखवा. डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत अ‍ॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नका.

विषाणू बदललाय, म्हणून यंदा सांधे महिनोन्महिने धरतात, हे खरं का? (चोपडा)

सांधे 2006 सालीही असेच धरत होते. तेव्हा गाजलेला बदल विषाणूच्या आवरणावरच्या ई-1 नावाच्या प्रथिनातल्या 226 व्या जागेवरचा. त्यामुळे एडिस अल्बोपिक्टस डासात विषाणू सहज वाढू लागला. फायदा डासातल्या प्रसाराला झाला. त्यावरून सांधेदुखीचं अनुमान काढू नका, सांध्यांसाठी तज्ज्ञांना भेटा.

वडिलांचं रक्त पुण्याला पाठवलं, पण 'सिक्वेन्सिंग शक्य नाही' असा निरोप आला. का? (पारोळा)

तुम्हीच लिहिलंय, रक्त नवव्या दिवशी घेतलं. आधी गावात दोन सलाइन, मग तालुक्याला इंजेक्शन, मग जिल्ह्याला. तोवर रक्तातला विषाणू बहुधा संपलेला असतो आणि उरतात प्रतिपिंडं, म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध बनवलेली प्रथिनं. त्यांवरून आजार कळतो, विषाणूचा वंश नाही. वंश कळतो तो विषाणूच्या आरएनएवरून, म्हणजे त्याच्या जनुकीय मजकुरावरून. सुमारे 11,800 अक्षरांचा हा आरएनए नाजूक असतो. नमुना पहिल्या चार-पाच दिवसांतला हवा, तोही बर्फात आणि लवकर पोचलेला. उन्हात एसटीच्या टपावरून गेलेल्या डब्यात काय शिल्लक राहणार? अनेक फॉर्मांवर ताप सुरू झाल्याची तारीखच नसते! 1973 च्या बार्शीच्या साथीतला विषाणू आशियाई वंशाचा आणि 2006 चा आफ्रिकी, हे आज सांगता येतं ते कुणीतरी वेळेत नमुने घेऊन ते जपले म्हणून. तिसऱ्या दिवशी रक्त घेतलं असतं तर तुमच्या वडिलांचा नमुनाही त्यात मोजला गेला असता. डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारा, 'नमुना पाठवायचा का?'

नळाला आठवड्याने पाणी येतं. टाकी रिकामी कशी ठेवू? (भुसावळ)

ठेवू नका, घट्ट झाका. नवं पाणी भरण्याआधी टाकीच्या भिंती घासा. हा आजार पसरवणाऱ्या एडिस डासांची अंडी कोरडीही महिनोन्महिने टिकतात.

पत्नीला नववा महिना आणि कालपासून ताप. थांबू का? (शहादा)

नाही. प्रसूतीच्या वेळी आईच्या रक्तात विषाणू असेल तर त्याचा संसर्ग बाळाला होऊ शकतो. आजच प्रसूतितज्ज्ञांकडे न्या आणि ताप कधी चढला ती तारीख कागदावर लिहून द्या.