स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट आणि सिव्हिल लॉ: सुरुवात कोडपासून नको

सिव्हिल लॉच्या देशांत, म्हणजे फ्रान्स, जर्मनी, इटलीसारख्या लिखित संहितेवर चालणाऱ्या देशांत, स्मार्ट कॉन्ट्रॅक्टचा (ब्लॉकचेन या सामायिक डिजिटल नोंदवहीवर आपोआप अंमलात येणाऱ्या कोडचा) अभ्यास कुठून सुरू करावा, असं विचारलंत. विषय छान निवडलात. आधी सॉलिडिटी (स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट लिहायची प्रोग्रॅमिंग भाषा) शिकून मग कायद्याकडे वळायचा बेत असेल, तर क्रम उलटा करा. फ्रेंच नागरी संहितेचं कलम ११२८ वाचा. वैध करारासाठी संमती, क्षमता आणि कायदेशीर व निश्चित आशय लागतो.

नवखे हमखास इथे चुकतात:

- कोड चालला म्हणजे करार वैध, असं धरणं. समजा, जर्मनीतल्या १७ वर्षांच्या मुलाने आईवडिलांना न विचारता महागडं टोकन (ब्लॉकचेनवरची डिजिटल मालमत्ता) स्मार्ट कॉन्ट्रॅक्टने विकलं. कोडला वय दिसत नाही, टोकन गेलं. पण पालकांनी मान्यता नाकारली, तर जर्मन नागरी संहितेच्या कलम १०८ नुसार करार निष्प्रभ ठरतो आणि कलम ८१२ खाली टोकन परत मागता येतं. ब्लॉकचेनवरची नोंद पुसता येत नाही, म्हणून उलटा व्यवहार करावा लागतो. हे उदाहरण स्वतः कागदावर सोडवाच, अर्धा विषय त्यातच आहे.
- सगळे देश सारखेच समजणं. इटलीने २०१९ च्या कायदा क्र. १२ मध्ये स्मार्ट कॉन्ट्रॅक्टची व्याख्याच दिली आहे.
- आपल्या १८७२ च्या करार कायद्यातलं प्रतिफल (वचनाच्या बदल्यात मिळणारा मोबदला) सिव्हिल लॉमध्ये शोधणं. ती अट तिथे नाही.

डाओ (कोडच्या नियमांवर चालणाऱ्या संघटना) आणि लवाद (कोर्टाबाहेर तंटा सोडवणं) सध्या बाजूला ठेवा. अडलात की बिनधास्त विचारा.