जिंकलेल्या दाव्याबद्दल

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा पोचलं. दावा जिंकलीस आणि रात्रभर झोप लागली नाही, हे वाचून खरं सांगू का, मला बरं वाटलं. मुदतीचा मुद्दा तू बिनचूक मांडलास, समोरची म्हातारी हरली, आणि आता विचारतेस, वकिली सोडू का.

थॅडियस स्टीव्हन्स नावाचा एक अमेरिकन वकील होता. जन्म १७९२चा, व्हरमाँटमधल्या गरीब घरातला, पाय जन्मतःच वाकडा. पुढे तो पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गला वकिली करू लागला. १८२१ साली त्याने एक प्रकरण चालवलं. चॅरिटी बटलर ही शेजारच्या मेरीलँडमधली गुलाम स्त्री. पेनसिल्व्हेनियाचा १७८०चा कायदा असा, की मालकाने गुलामाला या राज्यात आणून सहा महिने ठेवलं तर तो मोकळा. चॅरिटीला वेळोवेळी तिथे आणलं जाई. त्या सगळ्या मुक्कामांचे दिवस मिळवले तर सहा महिने भरतात, असं तिचं म्हणणं. स्टीव्हन्स मालकाच्या बाजूने उभा होता. त्याचा सगळा युक्तिवाद एका शब्दावर: सलग. तुकड्यातुकड्यांनी जमवलेले दिवस चालायचे नाहीत. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला ते पटलं. चॅरिटी आणि तिची दोन मुलं गुलामीतच राहिली.

मुद्दा चोख होता. त्या जागी मी असतो तर मलाही तोच सुचला असता, आणि तेच मला टोचतं.

स्टीव्हन्सने वकिली सोडली नाही. १८३८ साली पेनसिल्व्हेनियाची नवी राज्यघटना तयार झाली तेव्हा मताचा हक्क फक्त गोऱ्या पुरुषांना ठेवला होता. ती लिहिणाऱ्या परिषदेचा सभासद असूनही स्टीव्हन्सने सही करायला नकार दिला. १८५१ साली ख्रिस्तियाना गावात पळून आलेल्या गुलामांना धरायला आलेला मालकच मारला गेला. सरकारने अडतीस जणांवर थेट देशद्रोहाचा आरोप ठेवला. पहिला खटला कॅस्टनर हॅनवेवर. त्याचा गुन्हा काय, तर गुलाम धरायला मदत करायला त्याने नकार दिला. स्टीव्हन्स बचावाच्या वकिलांत होता. प्रश्न परत शब्दांचाच: याला देशाविरुद्ध ‘युद्ध’ म्हणायचं का? ज्यूरीने पंधराएक मिनिटांत हॅनवेला सोडून दिलं.

बघ, हत्यार तेच. शब्द धरायचा आणि ओढायचा.

तो काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेतही होता. १८६६ साली चौदावी घटनादुरुस्ती आली, तिच्या पहिल्या कलमाचा मसुदा मुख्यतः बिंगहॅम या दुसऱ्या सभासदाचा, पण सभागृहात ती रेटून नेणारा स्टीव्हन्स. त्याला ती अर्धीकच्ची वाटत होती. तरी मत दिलं, कारण मी माणसांत राहतो, देवदूतांत नाही, असं तो म्हणाला. तिच्यातलं ‘कायद्याचे समान संरक्षण’ आपल्या संविधानातही आलं, तेही अनुच्छेद १४मध्येच. आकड्याचा योगायोग मला अजून गंमतीचा वाटतो. दोन्हीकडे शब्द आहे ‘व्यक्ती’, नुसता ‘नागरिक’ नव्हे.

तो संत नव्हता. जुगार खेळायचा, जीभ तिखट. आणि नंतर केलेल्या कुठल्याच कामाने चॅरिटीचा निकाल फिरला नाही. ती गोष्ट सांगताना हे वाक्य गाळायचं नाही.

आता तुझं. तुझ्यासमोर हरलेल्या त्या म्हाताऱ्या बाईंचं वकीलपत्र तुला घेता येणार नाही, त्यांना चोरून सल्लाही द्यायचा नाही. तुझ्या अशिलाशी ती बेइमानी होईल. पण गरिबांना मोफत वकील देणाऱ्या तालुका विधी सेवा समितीच्या पॅनेलवर नाव घालायला कुणी अडवलेलं नाही. मानधन तुटपुंजं आहे, तारखांना दिवस जातो, आणि अशा बाया तिथे रोज बाकावर बसलेल्या असतात. नावनोंदणीचा अर्ज कारकुनाकडे ठेवलाय. सोमवारी कोर्टाच्या बोर्डावर प्रकरणं कमी आहेत, तेव्हा ये आणि भरून दे.